'टेक' आणि 'घेणे' : एका क्रियापदाची देवघेव आणि आपले मूल्यमापन

प्रस्तावना :

काही वर्षांपूर्वी पदवीच्या प्रथम वर्षाच्या इंग्रजी उत्तरपत्रिका तपासताना प्रस्तुत लेखकाच्या हातून एक वाक्य लाल शाईने खोडले गेले. विद्यार्थ्याने लिहिले होते : 'आय गेव्ह माय एक्झाम इन मार्च.' 'गेव्ह' या शब्दाभोवती वर्तुळ काढून वर 'टुक' लिहिले आणि अर्धा गुण कापला. पुढे वर्गात याच चुकीची चर्चा निघाली, तेव्हा मागच्या बाकावरून एक विद्यार्थी सहज बोलून गेला : "सर, पेपर तं आमी देतो, घेता तं तुमी." वर्गात हशा पिकला आणि तास पुढे गेला. परंतु त्या वाक्याला देण्यासारखे उत्तर त्या दिवशी लेखकापाशी नव्हते. 'इंग्रजीत तसे म्हणतात', एवढेच सांगता आले.

प्रस्तुत लेखात 'टेक' या अत्यंत प्रचलित इंग्रजी क्रियापदाचा अर्थ आणि उपयोग मराठीच्या, विशेषतः वऱ्हाडी बोलणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाजूने तपासण्याचा प्रयत्न केला आहे. आपली शब्दकोशीय आणि अध्यापनाची परंपरा 'टेक म्हणजे घेणे' असे समीकरण विद्यार्थ्याच्या हाती देते आणि ते समीकरण त्याने इमानाने वापरले की त्याचे गुण कापते. उलट, तेच समीकरण सुशिक्षितांनी मराठीत वापरले तर त्यास आधुनिकता समजले जाते. या दुहेरी मापाचे परीक्षण हा या लेखाचा मुख्य हेतू आहे.

'टेक'चा पूर्वेतिहास आणि अर्थविस्तार :

'टेक' हे क्रियापद मुळात इंग्रजीचे नव्हे, ही गोष्ट आपल्या वर्गांत क्वचितच सांगितली जाते. प्राचीन इंग्रजीत 'घेणे' या अर्थी 'निमान' हे क्रियापद होते. आजच्या जर्मन भाषेतील 'नेमन' हे त्याचेच भावंड होय. उत्तरेकडून आलेल्या नॉर्स भाषिकांच्या वसाहतींमुळे 'टाका' हे त्यांचे क्रियापद इंग्रजीत शिरले आणि मध्ययुगाच्या अखेरीपर्यंत त्याने 'निमान'ला व्यवहारातून हद्दपार केले. आज 'नम', म्हणजे बधिर, या विशेषणात त्या जुन्या धातूचा अवशेष उरला आहे. ज्याची संवेदना 'घेतली गेली' तो बधिर. 'टेक'चा सर्वांत जुना अर्थ 'हात लावणे, स्पर्श करणे' असा असावा, असे त्याच्या गॉथिक भाषेतील नातलग क्रियापदावरून दिसते. हात लावण्यापासून हस्तगत करण्यापर्यंत आणि तेथून स्वीकारणे, नेणे, लागणे, मानणे, सोसणे अशा अर्थांपर्यंत या शब्दाचा प्रवास झाला.

या विस्ताराचा एक परिणाम असा की कित्येक प्रयोगांत 'टेक'ला स्वतःचा अर्थ जवळजवळ उरतच नाही. 'टेक अ वॉक', 'टेक अ लुक', 'टेक अ बाथ' यांत सर्व अर्थ नामात असतो. क्रियापद केवळ काळ आणि पुरुष वाहून नेते. डॅनिश व्याकरणकार ओटो येस्पर्सन यांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या खंडात अशा क्रियापदांना 'हलकी क्रियापदे' अशी संज्ञा योजिली. हलके क्रियापद कोणते वापरावे हे तर्काने ठरत नाही, रूढीने ठरते. म्हणूनच ब्रिटिश वक्ता बहुधा 'हॅव अ बाथ' म्हणतो, तर अमेरिकन 'टेक अ बाथ' म्हणतो. परीक्षेच्या बाबतीतही ब्रिटिश इंग्रजीत 'टेक'बरोबरच 'सिट' चालते. म्हणजे विद्यार्थी परीक्षेस 'बसतो'. मराठीतही आपण 'परीक्षेला बसलो' असे म्हणतोच. खुद्द इंग्रजीतच रूढी एक नसताना आपण विद्यार्थ्यापुढे मात्र ती तर्कसिद्ध नियमासारखी मांडतो, हा आपल्या अध्यापनातील पहिला दोष होय.

मराठीतील अर्थांची वाटणी :

इंग्रजीने जे काम एका 'टेक'वर सोपविले आहे ते मराठीने अनेक क्रियापदांत वाटून दिले आहे. मुलाला शाळेत 'नेतात', छायाचित्र 'काढतात', कामाला वेळ 'लागतो', एखादी गोष्ट गृहीत 'धरतात', घटना 'घडते', पाहुण्याला 'बसा' म्हणतात. या सर्व ठिकाणी इंग्रजी 'टेक' वापरते आणि मराठी 'घेणे' टाळते. याउलट औषध घेणे, श्वास घेणे, निरोप घेणे, शपथ घेणे येथे दोन्ही भाषा जुळतात. आणखी काही ठिकाणी मराठीत 'घेणे' आहे पण इंग्रजीत 'टेक' नाही : आढावा घेणे, शोध घेणे, कानोसा घेणे, तोंडसुख घेणे. 'फैलावर घेणे' आणि 'टेक टू टास्क' यांसारखी अनपेक्षित जुळणीही आढळते.

सर्वांत फसवी जागा मात्र वरवरच्या साम्याची असते. 'टेक टू हार्ट' याचे शब्दशः भाषांतर 'मनावर घेणे' असे होईल. परंतु मराठीत 'त्याने मनावर घेतले' म्हणजे त्याने निर्धार केला, तर इंग्रजी प्रयोगात बहुधा बोललेले जिव्हारी लागल्याचा भाव असतो. त्यासाठी मराठीत 'मनाला लावून घेणे' हा वेगळा प्रयोग आहे. 'सरांचं बोलणं मनावर घे' हा आपल्याकडे उपदेश ठरतो आणि 'मनाला लावून घेऊ नको' हे सांत्वन ठरते. 'टेक म्हणजे घेणे' एवढ्याच शिदोरीवर निघालेला विद्यार्थी या दोहोंतील अंतर इंग्रजीत कसे दाखवील?

'वेळ लागणे' या प्रयोगाचेही असेच आहे. इंग्रजीत काम वेळ 'घेते'. म्हणजे काम हा कर्ता. मराठीत वेळ 'लागतो' आणि तो 'मला' लागतो. वऱ्हाडीत हेच 'मले टाइम लागते' असे होते. या भागातील 'मले, तुले, त्याले' ही रूपे आणि एकूणच वऱ्हाडीची वैशिष्ट्ये ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडाने (१९०५) स्वतंत्रपणे नोंदविली आहेत. अनुभवणाऱ्या व्यक्तीस कर्तेपद न देता 'ला' किंवा 'ले' प्रत्ययाने दर्शविणे ही मराठीची स्वाभाविक रचना आहे. ती मनात ठेवून विद्यार्थी 'टू मी टू अवर्स रिक्वायर्ड' असे लिहितो. त्यामागे निष्काळजीपणा नसून एक सुसंगत व्याकरण आहे, एवढे तरी परीक्षकाने ओळखले पाहिजे.

परीक्षा कोणी द्यावी, कोणी घ्यावी? :

आता मूळ वाक्याकडे वळू. 'परीक्षा' हा शब्द 'परि' आणि 'ईक्ष्' यांपासून सिद्ध झाला असून सर्व बाजूंनी पाहणे हा त्याचा व्युत्पत्त्यर्थ आहे. पाहण्याची ही क्रिया परीक्षकाची असते. सोन्याची परीक्षा सोनार करतो, सोने नव्हे. त्यामुळे मराठीत परीक्षक परीक्षा 'घेतो' आणि विद्यार्थी ती 'देतो', ही विभागणी अर्थाला धरूनच आहे. इंग्रजीत नेमकी उलट स्थिती आहे : विद्यार्थी 'टेक' करतो आणि शिक्षक 'गिव्ह' करतो. म्हणजे कागद देणारा तो देणारा आणि कागद हाती घेणारा तो घेणारा. दोन्ही भाषांनी एकाच प्रसंगाकडे दोन टोकांवरून पाहिले आहे.

मराठीची ही दृष्टी एकाकी नाही. हिंदीत 'परीक्षा देना' आणि उर्दूत 'इम्तिहान देना' हेच प्रयोग रूढ आहेत. फारसीतही परीक्षेला बसणे यासाठी 'इम्तिहान दादन', म्हणजे परीक्षा देणे, असेच म्हणतात. अचलपूर, म्हणजे पूर्वीचे एलिचपूर, ही इमादशाहीची राजधानी होती. पुढे मोगल आणि निजाम यांच्या अमलात वऱ्हाडचा बराचसा कारभार फारसीतून चालला आणि १८५३ मध्ये हा प्रांत इंग्रजांच्या ताब्यात गेला. आजही या शहरात मराठी आणि उर्दू शेजारी नांदतात. दोन्ही माध्यमांच्या शाळांतून आलेली मुले महाविद्यालयात एकाच बाकावर बसून 'गेव्ह द एक्झाम' लिहितात, यात नवल ते काय? दूरच्या रशियन भाषेतही विद्यार्थ्याच्या क्रियेसाठी जे क्रियापद आहे त्याच्या मुळाशी 'देणे' हाच धातू आहे. तो संस्कृत 'दा' धातूचा सगोत्र होय. रशियन परीक्षक परीक्षा 'स्वीकारतो'. जर्मन विद्यार्थी तर परीक्षा 'खाली ठेवतो'.

येथे एक मोह टाळावयास हवा. विद्यार्थी 'देतो' म्हणून आपली संस्कृती शरणागत आणि इंग्रज विद्यार्थी 'घेतो' म्हणून तो स्वायत्त, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. मराठीत 'देणेकरी' म्हणजे ऋणको आणि 'घेणेकरी' म्हणजे धनको, हे या निष्कर्षाला पोषकही वाटेल. परंतु एका क्रियापदावरून समाजाचे मन वाचणे धोक्याचे असते. फारसी, रशियन आणि मराठी समाजांचे मन एक असल्याचे त्यावरून सिद्ध होत नाही. जे सिद्ध होते ते एवढेच की 'परीक्षा देणे' हा जगातील अनेक भाषांना सुचलेला, अर्थपूर्ण असा पर्याय आहे. 'आय गेव्ह माय एक्झाम' हा प्रयोग आज भारतीय इंग्रजीत सर्रास ऐकू येतो. औपचारिक लेखनात विद्यार्थ्याने 'टेक' किंवा 'सिट' वापरावे असे सांगणे योग्यच आहे. बाहेरच्या जगात त्याचे मोजमाप त्याच रूढीने होणार आहे. परंतु त्याच्या वाक्यास 'अर्थहीन' म्हणणे आणि 'रूढीस धरून नाही' म्हणणे यांत मोठे अंतर आहे. पहिल्याने त्याची मातृभाषा चुकीची ठरते, तर दुसऱ्याने त्याच्या ज्ञानात एका रूढीची भर पडते.

'घेणे'चे दुसरे काम :

'टेक'ला जे मुळीच जमत नाही असे एक काम मराठी 'घेणे' नित्य करीत असते. 'समजून घे', 'ऐकून घ्या', 'जेवून घे', 'सांभाळून घ्या', 'करून घेतले' यांतील 'घेणे' काहीही हाती धरीत नाही. मुख्य क्रियेचा लाभ किंवा परिणाम कर्त्याकडे वळतो, एवढे ते दाखविते. 'ऐकले' आणि 'ऐकून घेतले' यांतला फरक प्रत्येक मराठी माणसास कळतो. दुसऱ्यात थोडे सोसणेही आहे. मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११) या ग्रंथापासून संयुक्त क्रियापदांच्या स्वरूपाविषयी आपल्याकडे चर्चा होत आली आहे. वऱ्हाडीत तर 'जेवून घेजो', 'समजून घेजो' अशी पुढील काळासाठीची आज्ञार्थी रूपे आहेत आणि त्यांत आपुलकीची एक छटा मिसळलेली असते.

या क्रियापदाची वंशावळही लहान नाही. महाराष्ट्री प्राकृतात 'घेत्तूण' हे रूप आढळते आणि आजचे 'घेऊन' त्याच्याशी नाते सांगते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा ज्या प्राचीन परंपरेचा आपण अभिमानाने उल्लेख केला, ती अशा रोजच्या क्रियापदांतूनच आपल्या विद्यार्थ्यांच्या तोंडी नांदत आहे. पण इंग्रजीच्या तासाला 'समजून घे' याचे भाषांतर सांगताना आपण 'अंडरस्टँड' एवढेच सांगतो आणि 'घे' गाळून टाकतो. काय गाळले याचा उच्चारही होत नाही. इंग्रजीत त्या 'घे'साठी कधी 'प्लीज', कधी 'ट्राय टू', कधी केवळ स्वरातील आर्जव वापरावे लागते, हे सांगितले तर विद्यार्थ्यास दोन्ही भाषांची घडण एकदम दिसेल.

समीकरणाचा उगम :

हे समीकरण आले कोठून? मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आणि त्याची सुधारित आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. या कोशकारांचे परिश्रम थोर आहेत आणि अनेक अर्थांची नोंद करण्यात ते कमी पडले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दोष कोशाचा नसून कोशाच्या पहिल्या अर्थावर थांबणाऱ्या वाचनाचा आहे. महाराष्ट्रातील कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. त्या पद्धतीत निदान वाक्यांचा भरपूर सराव होता. पुढे बाजारातील मार्गदर्शकांनी वाक्ये कमी करून याद्या वाढविल्या आणि 'टेक, टुक, टेकन : घेणे' असे चार शब्दांचे पाठांतर उरले. २००० पासून राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. आज महाविद्यालयात येणारा विद्यार्थी बारा वर्षे इंग्रजी शिकून आलेला असतो. तरीही 'टेक' त्याच्याजवळ त्याच चार शब्दांच्या रूपात असते. मेळघाटातून येणाऱ्या कोरकू भाषक विद्यार्थ्याची अडचण आणखी मोठी आहे. त्याच्यासाठी समीकरणाची उजवी बाजू, म्हणजे 'घेणे', हीदेखील शिकलेली भाषा असते.

उलट दिशेचा प्रवास :

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. दूरचित्रवाणीवरील निवेदक 'घेऊया एक छोटासा ब्रेक' म्हणतो. दिशा सांगणारा 'उजवे वळण घ्या' म्हणतो. 'उजवीकडे वळा' हे त्यास सुचत नाही. 'मी बस घेतली', 'ही प्रक्रिया दोन दिवस घेते', 'सेल्फी घेतला', 'शॉवर घेतला' ही वाक्ये आता छापील मराठीतही दिसतात. 'मी बस घेतली' हे ऐकून अचलपूर-परतवाड्यातील जुना माणूस 'केवढ्याले घेतली?' असे विचारील, आणि मराठीच्या दृष्टीने त्याचाच प्रश्न बरोबर आहे.

या सर्वच प्रयोगांस विरोध करावा असे नाही. 'मोबाइलने पत्राची जागा घेतली' यातील रचनेस इंग्रजी वळण आहे, पण ती आता मराठीत रुळली असून तिने उपयुक्त काम केले आहे. भाषा अशीच वाढते. १८७४ मध्ये सुरू झालेल्या निबंधमालेत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी मराठीच्या तत्कालीन स्थितीची चिकित्सा केली, तेव्हापासून इंग्रजीच्या प्रभावाचा प्रश्न आपल्यापुढे आहे आणि केवळ तक्रारीने तो सुटलेला नाही. आक्षेप निराळाच आहे. मराठी वळणाचे इंग्रजी लिहिणारा खेड्यातील विद्यार्थी 'चुकतो' आणि इंग्रजी वळणाचे मराठी बोलणारा शहरी निवेदक 'स्मार्ट' ठरतो. भाषाशास्त्रीय दृष्ट्या दोन्ही घटना एकच आहेत : एका भाषेतील रूढी दुसऱ्या भाषेत नेणे. फरक आहे तो करणाऱ्याच्या प्रतिष्ठेत. आणि आपण प्राध्यापक मंडळी, गुण देण्याचे साधन हाती असलेली, या प्रतिष्ठेचेच मोजमाप भाषेच्या नावाखाली करीत असतो.

समारोप :

वरील विवेचनावरून काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, 'टेक', 'हॅव', 'गेट', 'मेक' यांसारखी क्रियापदे एकाकी न शिकविता त्यांच्या नामांसह शिकवावीत. 'एक्झाम', 'टाइम', 'फोटो', 'बस' यांच्यासोबत कोणते क्रियापद येते ते दोन्ही भाषांत शेजारी मांडावे. दुसरी, अशा तक्त्यात प्रमाण मराठीसोबत वऱ्हाडी रूपासही जागा असावी. विद्यार्थी ज्या भाषेत विचार करतो ती भाषा फळ्यावर आली, तर तुलना खरी होईल. हे तक्ते विद्यार्थ्यांकडूनच करून घेतले तर अधिक चांगले. तिसरी, मूल्यमापन करताना ज्या वाक्याचा अर्थ लागत नाही ते आणि ज्याचा अर्थ लागतो पण रूढी वेगळी आहे ते, यांत भेद करावा. दुसऱ्या प्रकारात शेरा जरूर लिहावा. गुण कापण्यापूर्वी मात्र क्षणभर थांबावे.

मराठीत 'देणेघेणे' हा जोडशब्द संबंध या अर्थाने वापरतात. 'त्याच्याशी माझे काही देणेघेणे नाही' म्हणजे संबंध नाही. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात परीक्षेचे देणेघेणे असतेच. त्या दिवशी मागच्या बाकावरून आलेले वाक्य या संबंधाचे अचूक वर्णन होते आणि ते शुद्ध मराठी तर्काने केलेले होते. त्यावर 'इंग्रजीत तसे म्हणतात' एवढेच उत्तर देणे अपुरे होते. 'तू म्हणतोस ते आपल्या भाषेत बरोबर आहे, आणि इंग्रजीने हाच प्रसंग दुसऱ्या टोकाकडून पाहिला आहे', असे उत्तर द्यावयास हवे होते. तो विद्यार्थी आता महाविद्यालयात नाही. कापलेला अर्धा गुणही परत देता येत नाही. पुढच्या उत्तरपत्रिकांत मात्र 'गेव्ह'भोवती वर्तुळ काढण्याऐवजी लेखक समासात 'टेक' किंवा 'सिट' लिहून पुढे जातो.